निरामिष आमिष

मराठी वर्तमानपत्रात 'आमिष' हा शब्द आता बहुधा गुन्ह्यांच्या बातम्यांतच भेटतो. नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष, दामदुपटीचं आमिष. मूळ अर्थ मांस. 'निरामिष भोजन' म्हणताना तो अजून जागा होतो. गळाला मांसाचा तुकडा लावायचा म्हणून गळाला लावायची कुठलीही वस्तू आमिष झाली आणि पुढे माशावाचूनही शब्द चालू लागला. दिल्लीत आल्यावर मला तो फारसा उपयोगी पडला नाही. इथे गळाला लावतात तो चारा, पाण्यात नुसता भिरकावतात तोही चारा आणि गाईपुढे टाकतात तोही चाराच. बंगाली माणसं मात्र फरक करतात. पाण्यात पसरायचं ते 'चार', गळाला लावायचं ते 'टोप'. दिल्लीच्या तळ्यांवर गळ टाकून बसणाऱ्यांत बंगाली बरेच, त्यामुळे पुढे मीही हेच दोन शब्द वापरू लागलो.

पंचगंगेच्या काठी लहानपणी आम्ही गळाला काडू लावत असू, म्हणजे गांडूळ. कधी खेकड्याचा तुकडा, कधी नाकतोडा. कणकेचा गोळा ही पोरासोरांची गोष्ट होती. दिल्लीत नेमकं उलटं दिसलं. दमदम्याच्या तलावावर, भलस्व्याच्या झिलीवर, यमुनेच्या काठच्या डबक्यांवर जाणती माणसं घरून डबा आणत आणि त्यात मळलेली कणीक, भाजलेलं सत्तू, सरसोंची पेंड, शिळा पाव असा ऐवज असे. आमिष आणि तेही निरामिष. याचं कारण विचारलं की लोक सांगत, इकडे शाकाहार फार, गांडुळाला हात लावायची किळस. हे मला कधी पटलं नाही. मासा पकडून घरी नेणाऱ्याला गांडुळाची किळस येते, हे जरा अतीच झालं. कारण माणसाच्या पोटात शोधण्यापेक्षा माशाच्या तोंडात शोधावं असं मला वाटत आलं आहे आणि त्या कारणाला एक तारीखही आहे. पण त्या तारखेपर्यंत जायला थोडं मागून यावं लागेल. मागून म्हणजे दिल्लीच्याही बाहेरून, आपल्याच दख्खनमधून.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने माहीत असतो. त्यातल्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतल्या ओळी आहेत, म्हणून भाषेच्या इतिहासात त्याचं नाव येतं. खाण्याचा इतिहास लिहिणारे त्यातल्या पाककृतींकडे जातात. मत्स्यविनोदाच्या प्रकरणाकडे फार थोडे वळतात. ग्रंथ साधारण ११३१चा. राजाच्या करमणुकींत हत्तींच्या झुंजी आहेत, ससाण्याची शिकार आहे आणि त्यांच्याच रांगेत गळाने मासे धरणं आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर लिहिलं, तेव्हा कुठे मत्स्यशास्त्राच्या लोकांना त्याचा पत्ता लागला. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६चं. सोमेश्वर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा.

पण 'आधी आम्हीच' या खेळात मला रस नाही. मला त्या प्रकरणाची मांडणी महत्त्वाची वाटते. पस्तीसएक मासे सांगितले आहेत. समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, लहान आणि मोठे. मग कोणाला काय चारायचं ते येतं. काहींना पेंड आणि धान्याच्या पिठाचे गोळे, काहींना मांस. आधी माशाला त्या जागी येऊन खायची सवय लावायची. दोर, काठी आणि गळ त्यानंतर. राजाने गळ टाकण्याच्या कितीतरी दिवस आधी कुणीतरी त्या पाण्यात रोज खाणं टाकत असणार. ते टाकणारा राजा नव्हता हे उघड आहे. कल्याणीच्या आसपासच्या कुणा भोयाने किंवा कोळ्याने, कोणता मासा कोणत्या घासाला येतो हे दरबारात सांगितलं असेल आणि ते संस्कृत श्लोकांत बसवलं गेलं. सांगणाऱ्याचं नाव श्लोकात आलेलं नाही. गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तकांचं हे पुढेही असंच राहिलं. लिहिणारा रिकामा वेळ असलेला आणि माहिती देणारा पोटासाठी पाण्यात उतरणारा.

दिल्लीच्या बादशहांचा मासा बहुतेक जाळ्यातला. जहांगीर स्वतःच्या आठवणींत लिहितो की १६०७ मध्ये काबूलच्या वाटेवर हसन अब्दालला त्याने स्वतःच्या हाताने फेकजाळं टाकलं, दहाबारा मासे धरले आणि त्यांच्या नाकात मोती ओवून परत सोडून दिले. हाच जहांगीर पुढे माळवा-गुजरातच्या सफरीत अकरा महिने रोहू मिळाला नाही म्हणून कासावीस होता आणि रोहू आणून देणाऱ्याला त्याने घोडा बक्षीस दिला. मासा मानचिन्हावरही चढला. 'माही-मरातब' हा मोगली मान आपल्याकडच्या शिंद्यांपर्यंत पोचला, त्यामुळे मराठी कागदपत्रांत तो शब्द ओळखीचा आहे. पण दिल्लीचा सामान्य माणूस हौज-ए-शम्सीत किंवा हौज खासमध्ये गळाला काय लावत होता, हे दरबारी लिखाणात सापडायचं नाही. अल्तमशने १२३०च्या सुमारास मेहरौलीचा हौज बांधला, अलाउद्दीन खलजीने शतक उलटायच्या सुमारास दुसरा खोदला, फिरोजशहाने पुढे त्यातला गाळ काढला. पाणी साठवणाऱ्याची नोंद राहिली, त्या पाण्यात बसून राहणाऱ्याची नाही.

ती उणीव गोऱ्या अधिकाऱ्यांनी भरून काढली, अर्थात आपल्या पद्धतीने. हेन्री सुलिव्हन थॉमस हे मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले गृहस्थ. त्यांचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवरचा सरकारी अहवाल आला. थॉमस यांचं पहिलं पुस्तक नद्यांतल्या महसीरसाठी वाचलं जातं, आपण ज्याला खडस म्हणतो तो. मला त्यांचं दुसरं अधिक जवळचं. १८८७चं, 'टँक अँगलिंग इन इंडिया'. टँक म्हणजे तळं. डोंगरातल्या नदीवर जायला रजा लागते, घोडे लागतात. गावातलं तळं मात्र कचेरी सुटल्यावर गाठता येतं. म्हणजे हे पुस्तक कारकुनांच्या सोयीचं, आणि मी कारकूनच.

दिल्लीच्या साहेबांना तळ्यापेक्षा ओखला जवळचा वाटला. आग्रा कालव्यासाठी यमुनेवर ओखल्याला बंधारा घातला गेला आणि कालवा १८७४ मध्ये सुरू झाला. बंधारा म्हटला की वर चढणारे मासे त्याच्या पायाशी अडतात, फेसाळ पाण्यात घोटाळतात आणि तिथे चमचा-गळ फिरवणाऱ्याची चंगळ होते. चमचा म्हणजे धातूचं वाटोळं पान, पाण्यात ओढलं की ते गरगर फिरतं आणि माशाला ती जखमी मासोळी वाटते. चमच्याचं आमिष डोळ्यासाठी असतं. सत्तूचं आमिष नाकासाठी. हा फरक मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो, म्हणून इथे थोडं अमेरिकेला जाऊन यायला हवं.

अमेरिकेत छोट्या तळ्यांवरची मासेमारी म्हणजे बास नावाच्या माशाची. हिरवट, मोठ्या तोंडाचा, पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा शिकारी. जेम्स हेन्शल यांनी १८८१ मध्ये एकट्या या माशावर जाडजूड ग्रंथ लिहिला. शतक संपता संपता मिशिगनच्या जेम्स हेडन यांनी लाकडाचा बेडूक कोरून गळाला लावला. १९४९ मध्ये ओहायोत निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं. आज तिथला हौशी माणूस पाणी नितळ की गढूळ, ऊन की ढग, शेवाळ किती, हे पाहून पेटीतल्या पन्नास नकली किड्यांतला एक निवडतो. हे सगळं माशाच्या डोळ्याशी चाललेलं बोलणं आहे.

गंमत अशी की त्या खेळाची काठी आपल्याकडून गेली. बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून केलेली काठी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आली आणि त्या शतकभर उत्तम बांबू म्हणजे 'कलकत्ता केन' असं समजलं जाई. कलकत्त्याच्या बंदरातून जाणारा म्हणून ते नाव. त्यावर डागल्याच्या काळ्या खुणा असत. पुढे चीनचा टोंकिन बांबू आला आणि कलकत्त्याचं नाव मागे पडलं. म्हणजे १८८१च्या सुमारास हेन्शलच्या वाचकाच्या हातात जी काठी होती, तिचं बेट हिंदुस्थानात वाढलेलं असणं सहज शक्य होतं. इथल्या तळ्यावर त्याच बांबूला मुगा रेशमाचा दोर आणि मोरपिसाच्या दांड्याचा तरंगा लावून कुणी तरी बसलेलं असे.

दिल्लीच्या पाण्यात बास नाही. पण त्याच्या स्वभावाचा मासा आहे. आपण त्याला मरळ म्हणतो, इथे सौल किंवा सौर. सापासारखं डोकं, पाण्यावर येऊन हवा घेणारा, तळं आटलं तरी ओल्या चिखलात तग धरणारा. बासप्रमाणेच पिलांची राखण करतो. पिलांचा तांबूस घोळका पाण्यावर दिसला की खाली आई-बाप आहेत असं समजायचं. घोळक्यावर बेडूक टाकला की रागाने का होईना, तो झडप घालतोच. हे जमतं खरं, पण मी करत नाही आणि दुसऱ्यालाही सांगत नाही; पिलं मागे उरतात आणि संध्याकाळपर्यंत बाकीचे मासे ती फस्त करतात. मरळ, सिंघी, मांगूर, पुंटी-खवलीसारखे बारके मासे, पुरात नदीतून चढून आलेले चारदोन मोठे, अशी यमुनेकाठच्या डबक्यांची जुनी वस्ती होती. यांतल्या बहुतेकांना लागतं ते खरंखुरं आमिष, मांसाचं. म्हणजे जुन्या दिल्लीच्या तळ्यावर गांडूळ आणि बेडूकच चालत असणार, शाकाहार कितीही असला तरी.

मग कणीक आली कुठून? तारीख आहे १० जुलै १९५७. ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याआधी अडचण अशी होती की रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात वाढतात पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराची वाहती नदी लागते. म्हणून पावसात नदीतून बीज गोळा करायचं, मातीच्या हंड्यांत भरून न्यायचं आणि जगेल तेवढं तळ्यात सोडायचं, असा बंगालचा जुना उद्योग होता. दिल्लीपर्यंत त्या हंड्यांतलं काय पोचणार! १९५७ नंतर बीज टाक्यांत तयार होऊ लागलं, पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून ते कुठेही जाऊ लागलं आणि पवईपासून दमदम्यापर्यंत देशभरच्या तळ्यांत तेच तीन मासे दिसू लागले. जोडीला विलायती कॉमन कार्प. हे मासे शिकारी नाहीत. शेवाळ, कुजकं पान, तळाचा गाळ, तरंगणारे सूक्ष्म जीव हे त्यांचं खाणं. गढूळ पाण्यात ते वासावर चालतात. पेंड आणि सत्तू हे त्यांच्याच भाषेतलं बोलणं. दिल्लीचा गळ शाकाहारी झाला तो तळ्यातला मासा बदलला म्हणून.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. ऑफिसातले एक वयस्क बंगाली सहकारी होते, चित्तरंजन पार्कात राहणारे. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही. फाळणीत फरीदपूरहून आलेलं कुटुंब. त्यांनी मला पहिल्यांदा माशाची तोंडं पाहायला शिकवलं, तेही मासळीबाजारात. कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला, म्हणजे हा वरच्या थरात खाणार. रोहूचं तोंड पुढे, ओठ जाड आणि झालरीचे, म्हणजे मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळणारा. एकच तळं, पण तीन खोल्या. तरंगा आणि गळ यांत किती दोर ठेवायचा हे यावरून ठरतं. मृगळासाठी शिसं तळाला टेकवायचं, रोहूसाठी गोळी तळापासून उचलून धरायची, कटल्यासाठी वीतदोन वीत पाण्याखाली हलकी गोळी लोंबती ठेवायची. कटला घास चावत नाही, पाण्यासकट ओढून घेतो. त्यामुळे गोळी पटकन विरघळणारी हवी आणि गळ तिच्यात लपलेला. रोहू ओठांनी चाचपतो. तरंगा थरथरतो, थांबतो, आडवा होतो. थरथरीला झटका दिला की गेला. आडवा होऊन सरकू लागला की मनगटानेच उचलायचं, खांद्याने नाही.

दादांचा 'चार' आदल्या रात्री तयार होई. सरसोंची पेंड भिजत घालायची, भाजून कुटलेली मेथी, थोडं एकांगी (कचोऱ्याच्या जातीचं सुगंधी मूळ, ते कोलकात्याहून येई), तांदळाचा आंबलेला भात. पहाटे पोचल्यावर त्याचे मुठीएवढे गोळे एकाच जागी टाकायचे आणि तासभर गळाला हात लावायचा नाही. तरुण पोरं तेवढ्यात तीन जागा बदलत. दादा बिडी ओढत बुडबुडे पाहत. बारीक, साखळीसारखे बुडबुडे आले की तळाशी मृगळ उकरतो आहे. मग 'टोप'. सत्तू आणि कणीक, त्यात चिमूट हिंग, आणि गोळी गळावर टिकावी म्हणून मळताना कापसाचे धागे. लाल मुंग्यांची अंडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती मिळाली की दादा निरामिष वगैरे विसरत. ते म्हणायचे, "आधी पंगत बसव, मग हात धर." सोमेश्वराच्या प्रकरणातला क्रम नेमका हाच आहे, हे मला फार नंतर वाचताना लक्षात आलं. तेव्हा दादा नव्हते.

ते गेल्यावर त्यांच्या घरून मला दोन गोष्टी मिळाल्या. एक पितळी चक्री, लाकडी मुठीची, कलकत्त्याच्या घडणीची, आणि एक वही. बंगाली मला अक्षरं लावून वाचता येतं. वहीत तळ्याचं नाव, महिना, वारा, काय लावलं आणि काय आलं एवढंच. सुरुवातीच्या पानांवर रोहू, मृगळ, रोहू, कटला. नव्वदीच्या पुढे तिलापिया हा शब्द वाढत जातो. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला, पण त्याला कुठल्याही चांगल्या-वाईट पाण्यात भरायला वेळ लागत नाही. तो बारका, हावरा, मोठ्याच्या आधी गोळी टोचून खाणारा. दादांनी त्याच्यासाठी गळाचा आकार बदलला नाही, फक्त पुढे 'पुन्हा' असं लिहिलं आहे. मग शेवटच्या पानांवर आफ्रिकन मांगूर. केंद्राने २००० मध्ये याच्या पालनावर बंदी घातली, तरी पाण्यातला मासा परिपत्रक वाचत नाही. त्याला पेंड-सत्तू नको, कोंबडीची आतडी हवीत. ती त्याला कत्तलखान्याच्या गटारातून मिळतात. शेवटच्या नोंदींपैकी एका ठिकाणी 'टोप' या रकान्यात 'मुर्गी' असं लिहून दादांनी ते खोडलं आहे आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी ते लावलं की नाही, मला ठरवता येत नाही.

तळ्याचा असा इतिहास कुठल्याच सरकारी खात्यात नसावा. पाण्याचे नमुने घेतले जातात, गाळाची खोली मोजली जाते, पण आत राहणारा काय खातो हे वर्षानुवर्षं विचारणारा गळवालाच. बडखलचा तलाव १९४७च्या सुमारास बांध घालून झाला. दिल्लीकरांची सहल, होड्या, काठावर गळ. अरवलीतल्या खाणींनी आणि उपशाने त्याचं पाणी तोडलं आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तो कोरडा पडला. त्याच्या तळाशी मी क्रिकेट खेळणारी मुलं पाहिली आहेत. दादांच्या वहीत बडखल बारा पानं आहे. भलस्व्याची झील यमुनेच्या जुन्या वळणाची, घोड्याच्या नालासारखी. शेजारी कचऱ्याचा डोंगर. तिथे आता जे गळाला लागतं ते मी घरी आणत नाही.

हौज खास साठच्या दशकात आटून गेला होता. २००० नंतर वसंत कुंजच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी त्यात सोडून तो पुन्हा भरला. आता अलाउद्दीनच्या हौजात वसंत कुंजच्या स्वयंपाकघरांचं पाणी आहे. गळ टाकायला अर्थातच मनाई. संध्याकाळी काठावर लोक बदकांना पाव टाकतात. पाव बदकांपर्यंत पोचण्याआधी त्याच्या भोवती पाणी फुगतं, एक गोल तोंड वर येतं, वरच्या बाजूला वळलेलं, आणि तुकडा नाहीसा होतो. टाकणारे मोबाइल काढतात. मी तोंड कुठे वळलंय ते पाहतो, आणि दोर किती सोडावा लागला असता याचा हिशेब करतो.